राजाच्या मेजाला ऊन लागलं

हळदीचा डाग साबणाने जात नाही. उलट साबण लागला की तो पिवळ्याचा लालभडक होतो, आणि ज्याने सदऱ्यावर डाग पाडला त्याची धडगत नसते. मग घरातली एखादी आजी म्हणते, "ओरडू नको गं लेकराला. धुऊन उन्हात टाक, आपोआप जाईल." आणि जातो की! दिवसभर कडक ऊन खाल्लं की डाग फिक्कट होतो, आणखी एक-दोन उन्हांत दिसेनासा होतो.

हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला नको. तुमच्याकडे हळद म्हणजे नुसती डब्यातली पूड नाही. शेतातून काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि बाजारात न्यायची, हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होतं. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ज्या उन्हाने तुमच्या सदऱ्यावरचा डाग पळवला, त्याच्याच भाऊबंद उजेडाने फ्रान्सच्या राजाच्या मेजावरची रंगीत फुलं पळवली, हे ऐकलंय का कधी? चोर एकच, पद्धतही एकच. फक्त राजाकडे चोरी व्हायला दोन-अडीचशे वर्षं लागली.

आता तुम्ही विचाराल, हिंगोली कुठे आणि फ्रान्स कुठे? वाट हैदराबादवरून जाते. १९४८ पर्यंत आपला सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातली, तिचा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. या संस्थानाचे एक दिवाण, म्हणजे पंतप्रधान, होते मीर युसूफ अली खान. त्यांना तिसरे सालारजंग म्हणत. १९१२ ते १९१४ अशी जेमतेम दोन-अडीच वर्षं त्यांनी दिवाणगिरी केली आणि पुढचं आयुष्य घातलं वस्तू गोळा करण्यात. घड्याळं, मूर्ती, चित्रं, तलवारी, खेळणी आणि युरोपातलं फर्निचर. १९४९ मध्ये ते वारले, आणि १६ डिसेंबर १९५१ ला त्यांच्याच वाड्यात संग्रहालय सुरू झालं. तेच हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. शाळेची सहल तिथे गेली की सगळी पोरं ठोके देणाऱ्या घड्याळासमोर गर्दी करतात. करा, घड्याळ बघण्यासारखंच आहे. पण फ्रेंच फर्निचरकडे कोणी ढुंकून बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण या जातीच्या फर्निचरमध्ये लाकडाची चित्रं असतात. लाकडावर रंगवलेली चित्रं नव्हेत, लाकडाचीच चित्रं!

हे नीट समजून घेऊ. जुन्या हैदराबाद संस्थानातलंच बीदर गाव बिदरी कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि छत्रपती संभाजीनगरातही, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतही, बिदरीचे कारागीर आहेत. काळ्या धातूच्या सुरईवर चांदीची वेलबुट्टी तुम्ही पाहिली असेल. तिथे कारागीर धातूत खाचा खोदतो आणि त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतो. फ्रेंच कारागीर खोदत नसे. तो वेगवेगळ्या झाडांचे पातळ पत्रे घ्यायचा, त्यांतून पाकळ्या, पानं, देठ असे तुकडे कापायचा, जमिनीचा, म्हणजे मागच्या भागाचा, तुकडाही कापायचा, आणि ते सगळे शेजारी शेजारी जुळवून कपाटावर चिकटवून टाकायचा. एका फुलात कितीतरी तुकडे. या कामाला मार्केट्री म्हणतात. बाजाराशी, म्हणजे मार्केटशी, तिचा काही संबंध नाही, घाबरू नका!

लाकडाचे पत्रे म्हणजे काय, हे बघायचं तर तुमच्या गावातल्या सुतारकाकांकडे जा. प्लायवूडवर चिकटवायचं विनिअर त्यांच्याकडे असतं. कागदाहून थोडं जाड, हातात धरलं तर वाकतं. आजचं विनिअर यंत्राने सोलून काढतात. त्या काळी दोन माणसं समोरासमोर उभी राहून ओंडका उभा चिरत आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीचे पत्रे काढत. जरा हात हलला की पत्रा वाया, आणि लाकूड तर समुद्रापलीकडून आलेलं, महागामोलाचं.

मग कापायचं कसं? यासाठी कारागिरांकडे एक गाढव असायचं. खरंच! लाकडी बाकासारखं एक साधन होतं, त्याला फ्रान्समध्ये गाढवच म्हणत. त्यावर टांग टाकून बसायचं, समोरच्या लाकडी जबड्यात पत्र्यांची गड्डी धरायची, पायाने दाबलं की जबडा घट्ट मिटतो. एका हाताने गड्डी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने बारीक पात्याची करवत मागे-पुढे चालवायची. आंद्रे-जाकोब रूबो नावाच्या माणसाने १७६९ पासून सुतारकामावर जाडजूड सचित्र ग्रंथ लिहिले, त्यांत या सगळ्या अवजारांची चित्रं आहेत. रूबो स्वतः सुतार होता. करवत चालवणारा माणूस लेखणीही चालवतो तेव्हा काय बहार येते, ते त्या चित्रांत दिसतं.

गड्डी का म्हटलं मी? त्यात एक युक्ती आहे, आणि तिचा बादशहा होता आंद्रे-शार्ल बूल. जन्म १६४२, मृत्यू १७३२. चौदाव्या लुई राजाने त्याला पॅरिसच्या लूव्र राजवाड्यातच राहायला आणि काम करायला जागा दिली होती. बूल लाकडाऐवजी पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पत्रा वापरायचा. दोन्ही एकावर एक ठेवायचे, वर नक्षीचा कागद चिकटवायचा आणि दोन्ही एकदमच कापायचे. बघा हं, आता हातात काय येतं? पितळेची नक्षी आणि पितळेची भोकं पडलेली जमीन. कासवाची नक्षी आणि कासवाची भोकं पडलेली जमीन. पितळेची नक्षी कासवाच्या भोकांत बसते आणि कासवाची नक्षी पितळेच्या भोकांत. एका कापणीत दोन कपाटं तयार, एकमेकांची उलटी! काही वाया नाही. डोकं लाजवाब. फक्त त्यासाठी समुद्री कासवं मारली जायची, हे आठवलं की माझं कौतुक थोडं आटतं. आज ती कासवं संकटात आहेत आणि त्यांच्या कवचाच्या व्यापारावर बंदी आहे.

बूलनंतर पॅरिसमध्ये फुलांचं वेड आलं. आणि फुलं म्हटली की रंग आले. आता लाकडाला रंग असतात, पण किती? पिवळट, तपकिरी, काळं, जांभळट. निळी फुलं आणि हिरवी पानं कुठून आणायची? कारागिरांनी पत्रे रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवायला सुरुवात केली, तीही दिवसेंदिवस, म्हणजे रंग आतपर्यंत मुरेल. निळ्यासाठी नीळ. लालसाठी एका झाडाचं लाल गाभ्याचं लाकूड उकळून. पिवळ्यासाठी बार्बेरी नावाचं काटेरी झुडूप, आणि ही बार्बेरी म्हणजे आपल्या दारुहळदीची सख्खी बहीण! युरोपातल्या जुन्या कारागिरांच्या रंगांच्या यादीत आपली खरी हळदही सापडते. पॉलिशला सोनेरी झाक आणायला ती ते वापरत.

हिरव्याची गंमत तर वेगळीच. इटलीतले कारागीर त्याच्याही दोन-तीनशे वर्षं आधी लाकडाची चित्रं करत होते. त्यांना जंगलात पडलेल्या काही ओंडक्यांत निळसर हिरवं लाकूड सापडायचं. कोणी रंगवलं ते? एका बुरशीने. क्लोरोसिबोरिया तिचं नाव. कुजत्या लाकडात ती शिरते आणि सगळं हिरवं करून सोडते. लाकूड कुजलं म्हणून फेकायचं सोडून ते त्या हुशार लोकांनी पोपटाच्या पंखांना आणि पानांना वापरलं. या बुरशीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंग झाले. पण पाकळी सपाट दिसली तर फूल कसलं? तिला गोलाई हवी, कडेला सावली हवी. ब्रश तर चालवायचा नाही. मग? भडभुंज्याच्या कढईतली गरम वाळू आठवा, जिच्यात फुटाणे उड्या मारतात. अगदी तशीच बारीक वाळू तापवायची, चिमट्यात पाकळी धरायची आणि तिची एकच कड वाळूत खुपसायची. काही क्षण, बस. जी कड खोल गेली ती जास्त करपते, वरची कमी, त्याच्या वरची मुळीच नाही. बाहेर काढली की पाकळीवर तपकिरी सावली गडद ते फिकी अशी हळूहळू उतरलेली दिसते. जास्त वेळ ठेवली तर कोळसा! बोटांना कळायचं म्हणे, किती वेळ ते. (हे घरी एकट्याने करायचं नाही. तापलेली वाळू दिसत नाही तापलेली.) शेवटी सगळे तुकडे सरसाने चिकटवायचे. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला गोंद. तो गरमच लावावा लागतो. आणि त्याचा एक मोठा गुण आहे. शंभर-दोनशे वर्षांनीही ऊब आणि ओल दिली की तो सुटतो. फेव्हिकॉलने चिकटवलेलं असं अलगद सुटत नाही. सरसाचं हे सुटणं आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे.

आता राजाचं मेज. पंधराव्या लुईला आपली कागदपत्रं लपवून ठेवायची फार हौस. १७६० मध्ये त्याने ज्याँ-फ्राँस्वा ओबेन या कारागिराला मेज करायला सांगितलं. ओबेन तीन वर्षांनी वारला. काम अर्धवट. त्याच्या कारखान्यात ज्याँ-आंरी रीझनेर नावाचा तरुण कारागीर होता. दोघंही मूळचे जर्मन मुलखातले, पोटासाठी पॅरिसला आलेले. रीझनेरने कारखाना सांभाळला, पुढे ओबेनच्या विधवा बायकोशी लग्न केलं आणि १७६९ मध्ये मेज पुरं करून राजाकडे पोचवलं. नऊ वर्षं एका मेजाला! तुम्ही पहिलीत असताना सुरू केलं असतं तर नववी संपताना हातात आलं असतं.

पण मेज होतंच तसं. वर गोल सरकणारं झाकण, माथ्यावर दोन्ही बाजूंनी दिसणारं घड्याळ, आणि किल्ली जरा फिरवली की सगळी कुलपं एकदम उघडणार. मला आवडते ती शाईची सोय. दौतीत शाई भरायला नोकर यायचा, पण त्याला कागद दिसता कामा नयेत. म्हणून दौतीचे कप्पे बाजूने, बाहेरून उघडायचे. शाई भरली, कप्पा बंद, राजाची गुपितं आतच. आजही ते मेज व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. या ओबेनचा नातू पुढे फार मोठा चित्रकार झाला, यूजीन दलाक्र्वा. आजोबा लाकडात रंग भरायचे, नातू कापडावर.

त्या काळच्या फर्निचरचे फोटो पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, "कसले रंग? सगळं तर चॉकलेटी दिसतंय!" बरोबर. संग्रहालयांतलं बहुतेक असं फर्निचर आज मधासारखं, तपकिरी, शांत दिसतं. लोक त्यालाच जुन्याचं सौंदर्य म्हणतात, कौतुकाने मान डोलावतात. करणाऱ्याने ते तसं केलंच नव्हतं! त्याने केलं होतं निळं, हिरवं, लाल, पिवळं, अगदी जत्रेतल्या दुकानाइतकं भडक.

मग रंग गेले कुठे? हळदीत कुर्कुमिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा रेणू लांबुळका, आणि त्याच्या रचनेमुळे तो प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून हळद पिवळी दिसते. पण प्रकाश गिळणं म्हणजे ऊर्जा गिळणं. ती पचली नाही की रेणू तुटतो. तुटलेले तुकडे निळा प्रकाश गिळू शकत नाहीत, मग पिवळं दिसणार कसं? डाग जात नाही, त्याचे तुकडे होतात. बार्बेरीचं तेच, लाल रंगाचंही तसंच. नीळ जरा चिवट असते. म्हणून फ्रान्समधल्या जुन्या विणलेल्या पडद्यांवर तुम्हाला निळी झाडं दिसतील. विणकर वेडा नव्हता. त्याने पिवळा आणि निळा मिळून हिरवं केलं होतं, पिवळा उडाला, निळा मागे राहिला. आणि ती हिरवी बुरशी? तिचा रंग पाचशे वर्षांनंतरही लाकडात टिकून आहे. राजांच्या रंगाऱ्यांना जमलं नाही ते कुजक्या ओंडक्यातल्या बुरशीने करून दाखवलं.

पण मूळ रंग भडक होते, हे आज कशावरून सांगायचं? इथे सरस मदतीला येतो. दुरुस्तीसाठी एखादा सैल झालेला तुकडा सोडवला आणि उलटा केला, की पाठीमागे रंग जसाच्या तसा! उजेड तिथे पोचलाच नव्हता. पितळेच्या दागिन्यांखाली, कप्प्यांच्या आतही असे रंग सापडतात. इंग्लंडमधल्या तीन मोठ्या संग्रहांनी मिळून रीझनेरच्या फर्निचरचा बारकाईने अभ्यास केला आणि मूळ रंग कसे असतील याची चित्रं संगणकावर तयार केली. ती बघून अनेकांना धक्काच बसला. मला विचाराल तर मला ती भडकच जास्त आवडली.

तुम्हीही हे करून बघा. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या धुऊन घ्या. वाटीभर गरम पाण्यात दोन चमचे हळद घालून त्यात काड्या रात्रभर बुडवा. सावलीत वाळवा. मग प्रत्येक काडीच्या अर्ध्या भागावर चांदीचा कागद घट्ट गुंडाळा आणि काड्या गच्चीवर उन्हात ठेवा. एक काडी मात्र वहीत बंद. एप्रिल-मे असेल तर आपल्याकडचं ऊन फार वाट बघायला लावणार नाही. कागद काढाल तेव्हा एकाच काडीवर मूळ रंग आणि उडालेला रंग शेजारी शेजारी असतील. ढगाळ दिवसांत हेच किती दिवसांनी होतं? खिडकीच्या काचेमागे ठेवली तर? मोजा, आणि तारीख टाकून वहीत चिकटवून ठेवा. संग्रहालयात दिवे इतके मंद का, म्हणून तुम्ही कुरकुरता ना, त्याचं उत्तर या काडीवर आहे.

आणि हे सगळं फ्रान्समध्येच व्हायचं असं नाही बरं का. आपल्या मुंबईतही लाकूडजडावाचं फार नाजूक काम व्हायचं. त्याला सादेली म्हणतात. ही कला इराणच्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आली असं सांगतात. १८५१ मध्ये लंडनला जगातलं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात या पेट्या होत्या. साहेबलोक त्यांना 'बॉम्बे बॉक्स' म्हणत आणि विकत घ्यायला झुंबड करत.

सादेलीत तुकडे एकेक करून कापत नाहीत. कारागीर आबनुसाच्या काळ्या, पतंग नावाच्या झाडाच्या लाल, हस्तिदंताच्या पांढऱ्या अशा सळ्या करायचा. काही तीन धारांच्या, काही चौकोनी, आणि मधे कथलाची चकचकीत तार. अशा कितीतरी सळ्या जुळवून, चिकटवून त्यांची एक जुडी बांधायची. जुडीचं तोंड बघितलं की त्यात चांदणी दिसते. मग जुडी आडवी कापत जायची. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी! या चकत्या चंदनाच्या पेटीवर ओळीने चिकटवायच्या. एकेक तुकडा मोहरीपेक्षाही लहान.

इथे गणित आहे. सारख्या बाजूंचे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती ठेवा, घट्ट बसतात. चार चौकोन बसतात, तीन षटकोनही बसतात. आता पंचकोन घेऊन बघा. तीन ठेवले की ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट राहते, आणि चौथा त्यात मावत नाही. सादेलीवाल्याला कोनमापक कोणी शिकवला नव्हता, पण पंचकोनाच्या फंदात तो पडला नाही.

या पेट्या अजून ठसठशीत का दिसतात, हे तुम्हाला आता सांगता येईल. आबनुसाचा काळा त्याचा स्वतःचा, कथलाची चमक कथलाची, त्यांत उडून जाण्यासारखं फारसं काही नाही. बिचाऱ्या पतंगाचं मात्र लाल फिकं होतं. हस्तिदंताची तर तऱ्हाच उलटी. तो अंधारात ठेवला की पिवळा पडतो आणि उजेडात पांढरा राहतो! आता हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, हत्तींसाठी ते बरंच झालं. सुरतेत थोडे कारागीर दुसरी द्रव्यं वापरून हे काम करतात.

रीझनेरचं पुढे काय झालं, ते राहिलंच. फ्रान्समध्ये १७८९ ला राज्यक्रांती झाली. राजा गेला, राणी गेली, आणि १७९३ मध्ये व्हर्सायच्या सामानाचा लिलाव सुरू झाला. १७ हजारांहून जास्त विक्रीचे गट, वर्षभर चालला. म्हाताऱ्या रीझनेरने काय केलं असेल? स्वतःच केलेलं फर्निचर स्वतःच परत विकत घेतलं! त्याला वाटलं, पुढे चांगली किंमत येईल. आली नाही. नव्या लोकांना राजाच्या थाटाचं काहीच नको होतं. वर नव्या सरकारने त्यालाच कामाला लावलं. जुन्या सामानावरची राजाची अक्षरं आणि मुकुट काढून तिथे साधे तुकडे बसवायचे. आपल्याच हाताने जुळवलेलं आपल्याच हाताने उचकटायचं. १८०६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या हाती विशेष काही उरलं नव्हतं.

सालारजंग संग्रहालयात गेलात तर असं काम ओळखायची एक खूण सांगतो. अगदी समोर उभं राहू नका, बाजूला सरका, आणि लाकडाच्या रेषा बघा. एका पाकळीत रेषा उभ्या आणि शेजारच्या पाकळीत तिरक्या गेलेल्या दिसल्या, तर तिथे दोन तुकडे जुळवलेत. रंगवलेल्या फुलात रेषा सगळ्या चित्रातून सरळ एकाच दिशेने जातात. वाकून बघा, हवं तर गुडघ्यांवर बसून बघा. पण दोरीच्या अलीकडून. बोट लावलंत तर पहारेकरीकाका कोपऱ्यातून असे ओरडतील की घड्याळापाशी जमलेली सगळी गर्दी तुमच्याकडे वळेल.